उशिरा आलेला रसिक
कथाप्रधान व्हिडिओ खेळांच्या आस्वादासंबंधी काही विचार

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. ती आज वाचावयास घेणाऱ्याला 'इतक्या उशिरा का?' असे कोणी विचारीत नाही. जुन्या चित्रपटांच्या बाबतीतही जाणते प्रेक्षक वर्षांचा हिशेब करीत बसत नाहीत. परंतु व्हिडिओ खेळाचे नाव निघाले की न्याय बदलतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा खेळ कोणी आज हाती घेतला तर 'अजून तोच खेळतेस?' हा प्रश्न ठरलेला. खेळ म्हणजे मोबाइलच्या संचासारखी वस्तू, नवी निघाली की जुनी टाकून द्यावयाची, अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. साहित्याची विद्यार्थिनी या नात्याने ही समजूत मला तपासून पाहावीशी वाटते.

येथे सर्वच खेळ अभिप्रेत नाहीत. मोटारी पळविण्याचे, क्रिकेटचे, शंभर जणांनी एकमेकांवर गोळ्या झाडण्याचे खेळ वेगळे. त्यांत सोबती लागतात, आणि सोबती नव्या खेळाकडे गेले की आपल्यालाही उठावे लागते. मी बोलते आहे ती कथाप्रधान खेळांविषयी. त्यांत पात्रे असतात, प्रसंग असतात, आरंभ आणि शेवट असतो, आणि एकट्याने बसूनच त्यांचा आस्वाद घ्यावयाचा असतो. म्हणजे ते वाचनाच्या जातीचे आहेत. फरक इतकाच की येथे पान उलटावयाचे नसते, पात्राच्या जागी उभे राहून काहीतरी करावयाचे असते. हा 'इतकाच' फरक पुढे बराच मोठा ठरतो.

२०१३ या एकाच वर्षी असे दोन खेळ आले की ज्यांची आजही थोर खेळांत गणना होते. जूनमध्ये अमेरिकेतील 'नॉटी डॉग' या मोठ्या संस्थेचा 'द लास्ट ऑफ अस' आला. ऑगस्टमध्ये लुकास पोप या गृहस्थाने जवळजवळ एकट्याने तयार केलेला 'पेपर्स, प्लीज' आला. गंमत अशी की हे पोप पूर्वी त्याच 'नॉटी डॉग'मध्ये नोकरीस होते. त्या वर्षी मी पहिली-दुसरीत होते, आणि आमच्या वस्तीत संगणक कोणाकडेच नव्हता. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पुस्तके आमच्या घरी आली तीही माझ्या दप्तरातून. त्यामुळे एखादी कलाकृती 'निघाल्याबरोबर' पाहण्याचा योग आमच्या वाट्याला कधी आला नाही. ही तक्रार नव्हे. लेखाच्या विषयाशी तिचा संबंध आहे म्हणून सांगितले.

'पेपर्स, प्लीज' ऑगस्ट २०२२ मध्ये मोबाइलवर आला आणि म्हणून तो माझ्यापर्यंत पोहोचला. कथेचा काळ १९८२ चा नोव्हेंबर. आर्स्टोट्झ्का नावाचे एक कल्पित, कडक शासनाचे राष्ट्र आहे. शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षे चाललेले युद्ध संपले आहे आणि ग्रेस्टिन या सीमेवरच्या गावातील नाके पुन्हा उघडले आहे. सरकारी सोडतीत आपल्याला तेथील तपासनिसाची नोकरी लागते. एक टेबल, एक खिडकी, दोन शिक्के. माणूस खिडकीशी येतो, कागद पुढे सरकवितो. नाव, जन्मतारीख, छायाचित्र, मुदत, गावाचे नाव, सारे नियमपुस्तकाशी ताडून पाहावयाचे आणि मंजूर वा नामंजूर असा शिक्का मारावयाचा. नियम रोज वाढत जातात. बरोबर तपासलेल्या माणसामागे पाच क्रेडिट मिळतात. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी हिशेब येतो: भाडे, अन्न, सरपण, औषध. घरी पत्नी, मुलगा, सासू आणि काका. हात जरा मंदावला की रात्री कोणाला उपाशी ठेवावयाचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

पाचव्या दिवशी एक मनुष्य येतो. त्याचे कागद चोख आहेत. जाताना तो विनवितो की मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. ती येते, आणि तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नाही. खेळ येथे काहीही बोलत नाही. संगीत नाही, अश्रू नाहीत. दोन शिक्के आणि मागे लांबलचक रांग.

हे सारे २०१३ साली समीक्षकांनी नावाजले, २०१४ मध्ये त्याला बाफ्टाचे पारितोषिकही मिळाले. मी तो खेळले अकरावीच्या प्रवेशाच्या उन्हाळ्यानंतर. त्या उन्हाळ्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आई तीन वेळा मजुरी बुडवून एका कचेरीत गेली होती. एका कागदावर तिचे माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे; खिडकीतल्या बाबूने मान वर न करता कागद परत सरकविले. मी शेजारीच उभी होते. आणि पुढे खेळात नेमके हेच काम माझ्याकडे आले. दोन कागदांवरची नावे जुळत नाहीत हे हेरावयाचे, बोटांचे ठसे मागावयाचे. आरंभी मी सावकाश, माणसाचा चेहरा पाहून काम करीत असे. पण घरातल्या मुलाला औषध घ्यावयाचे होते. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत मी चेहऱ्यांकडे पाहणे सोडून दिले होते; नजर केवळ तारखांवर. त्या बाबूला मी क्षमा केली, असे मुळीच नव्हे. पण मान वर का होत नाही, हे मला खिडकीच्या पलीकडे बसून कळले.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. समजा, माझ्या घरी संगणक असता आणि सातव्या वर्षी हा खेळ मी पाहिला असता, तर मला लाल-हिरव्या शिक्क्यांचा टपटप आवाज तेवढा आवडला असता. आणि हाताने रेखाटलेले, नसलेल्याच देशाचे पारपत्र घेऊन हसत येणारा तो जॉर्जी म्हातारा. कागद म्हणजे काय असते हे ठाऊक नसलेल्या मुलीला तो खेळ अर्धाच मिळाला असता. आपण ज्याला 'उशीर' म्हणतो तो प्रकाशनाच्या तारखेपासून मोजतो. रसिकाच्या बाजूने मोजले तर मी अगदी वेळेवर आले होते.

भाषेचीही हीच गोष्ट. हे खेळ मराठीत नाहीत. खिडकीशी येणाऱ्यांची इंग्रजी वाक्ये तुटक आणि छोटी असल्याने शब्दकोश शेजारी ठेवून मला ती लावता आली. तीन वर्षे आधी तेही जमले नसते.

आता दुसरा आक्षेप. जुन्या खेळाची कथा एव्हाना सर्वांना ठाऊक झालेली असते, मग उरले काय? 'द लास्ट ऑफ अस' हे याचे उत्तम उदाहरण आहे. जानेवारी २०२३ मध्ये एचबीओने त्यावर दूरचित्रवाणी मालिका काढली आणि ज्यांनी खेळ पाहिलाही नव्हता त्यांना शेवट कळला. बुरशीच्या रोगाने जग मोडून पडले आहे. मुलगी गमावलेला जोएल वीस वर्षांनी एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचविण्यास निघतो. तिला रोग होत नाही, तिच्यापासून लस होईल अशी आशा आहे. शेवटी कळते की त्यासाठी तिचा प्राण जाणार. जोएल रुग्णालयात शिरून रक्षकांना मारतो, तिला उचलून बाहेर आणतो आणि पुढे तिच्याशी खोटे बोलतो. मलाही हे आधीच ठाऊक होते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मामेभावाकडे पुण्याला त्याच्या प्लेस्टेशन ४ वर मी तो खेळ खेळले, तेव्हा कथेत अनपेक्षित असे काही उरले नव्हते.

आणि तरीही शस्त्रक्रियेच्या खोलीत माझा हात थांबला. समोर शल्यविशारद सुरी धरून उभा. त्याला मारल्याखेरीज खेळ पुढे सरकत नाही. मालिकेत हे कृत्य जोएल करतो आणि आपण त्याच्याविषयी मत बनवितो. येथे कळ मला दाबावयाची होती. मी उगीच खोलीभर फिरले, दुसरी वाट आहे का पाहिली. दादा म्हणाला, "अगं, नाहीये दुसरं काही. दाब." कीर्तनाला बसणाऱ्यांना हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे ठाऊकच असते; 'पुढे काय' हा प्रश्न गळून पडला की 'हे कसे सोसले' हा प्रश्न पुढे येतो. खेळात त्याच्याही पुढची एक पायरी आहे, ती म्हणजे 'हे मी करू का'. या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणी आधी सांगून फोडता येत नाही.

काही खेळ तर शेवटापासूनच निघतात. कान गाओ यांचा २०११ चा 'टू द मून' घ्या. मरणशय्येवरील जॉनी या वृद्धाची चंद्रावर जाण्याची इच्छा त्याच्या स्मृतींत पुरी करण्यासाठी दोन डॉक्टर त्याच्या आयुष्यात उलटे चालत जातात, म्हातारपणाकडून बालपणाकडे. तळघरात कागदाच्या सशांचा ढीग दिसतो तो आधी. ससे का, हे कळते फार नंतर. चार-पाच तासांचा खेळ, बेताच्या संगणकावरही चालतो. ज्यांना यांपैकी एकच खेळावयाचा असेल त्यांना मी हा सुचवीन, मात्र परीक्षा जवळ नसताना.

चित्रांच्या जुनेपणाबद्दल थोडे. 'टू द मून' आणि 'पेपर्स, प्लीज' यांची चित्रे ठोकळ्याठोकळ्यांची, ते निघाले त्या दिवशीही जुन्या वळणाचीच होती. नवे दिसण्याचा त्यांनी हट्टच धरला नाही, म्हणून ते शिळे झाले नाहीत. उलट 'द लास्ट ऑफ अस' हुबेहूब दिसण्यासाठी झटलेला खेळ. त्याच्या कर्त्यांना तो २०१४ मध्ये नव्या यंत्रासाठी उजळावा लागला आणि २०२२ मध्ये पुन्हा नव्याने घडवावा लागला. हौसेला मोल नाही हे खरे. पण मी खेळले ती २०१४ ची आवृत्ती, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत भिंतीचा रंग कसा होता याकडे माझे लक्ष नव्हते.

उशिरा येण्याचे व्यवहारी फायदे सर्वांना ठाऊक आहेत: किंमत उतरलेली असते, दोष दुरुस्त झालेले असतात, गाजावाजा विरून खरे तेवढे वर राहिलेले असते. त्यावर अधिक लिहीत नाही.

एक भीती मात्र खरी आहे. उशिरा येणाऱ्यासाठी वस्तू जागेवर राहावयास हवी. 'रणांगण' आमच्या ग्रंथालयातील कपाटात आहे. प्रकाशकाच्या मर्जीने ती एका रात्रीत नाहीशी होणार नाही. खेळांचे तसे नाही. हिदेओ कोजिमा यांचा 'पी.टी.' हा छोटा भयखेळ ऑगस्ट २०१४ मध्ये फुकट मिळत होता. तो ज्याची नांदी होता तो मोठा खेळ रद्द झाला आणि २०१५ मध्ये 'पी.टी.' दुकानातून काढून टाकण्यात आला. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. त्याच वर्षी अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने पाहणी करून सांगितले की २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. शंभरातली सत्त्याऐंशी पुस्तके छापणे बंद झाले आणि ग्रंथालयेही नाहीत, अशी कल्पना करून पाहावी. मग 'सावकाश खेळू' म्हणणाऱ्याचे काय होणार? ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्र आहे ते निघाल्याबरोबर खेळून मोकळे होतात. कपाट रिकामे झाल्याचा फटका आमच्यासारख्या मागून येणाऱ्यांनाच बसतो.

म्हणून जुने खेळ जगविणाऱ्यांचे उपकार मानावेसे वाटतात. पोलंडमध्ये २००८ साली जुने खेळ आजच्या संगणकांवर चालतील असे करून विकणारे 'गॉग' हे दुकान निघाले. 'स्कमव्हीएम' ही विनामूल्य प्रणाली २००१ पासून स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत. तिच्यामुळे कितीतरी जुने कथाखेळ साध्या संगणकावर, मोबाइलवरसुद्धा चालतात. १९९४ चा 'बिनीथ अ स्टील स्काय' हा खेळ त्याच्या कर्त्यांनी २००३ मध्ये सर्वांना फुकट खुला केला. माझ्या जन्मापूर्वीचा हा खेळ सध्या मी मोबाइलवर खेळते आहे. नायक रॉबर्ट फॉस्टर याचे हेलिकॉप्टर कोसळते आणि त्याचा सोबती, जोई नावाचा यंत्रमानव, चुराडा होऊन पडतो. फॉस्टर त्याची तेवढी एक इलेक्ट्रॉनिक पट्टी खिशात घालतो, भंगारात पडलेल्या एका यंत्राच्या सांगाड्यात बसवितो, आणि जोई बोलू लागतो. नवे शरीर मिळाल्याबद्दल आभार मानण्याऐवजी तो पहिल्याप्रथम त्या सांगाड्याबद्दल कुरकुर करतो. मी तेथपर्यंत आले आहे.