आधी खरड, मग गोडी

प्रश्न : मी ओतूरजवळ राहते. बी.कॉम. झाल्यापासून तीन वर्षं एका पतसंस्थेत काम करते. पासबुकं भरणं, कर्जाच्या फायली लावणं, पिग्मीचा हिशोब जुळवणं हे माझं काम. काम वाईट नाही, पण त्यात जीव रमत नाही. जो तो सांगतो, ‘तुझी पॅशन शोध, मग काम हे काम वाटणारच नाही.’ ही पॅशन असते कुठे आणि शोधायची कशी? आमची द्राक्षबाग आहे. वडिलांना विचारलं, तुम्हाला पहिल्यापासून शेतीची आवड होती का? ते म्हणाले, ‘आवड कसली, बाग होती.’ मग माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आवड आधी असते की मागाहून येते, हा एक. आणि ती नसेल तर दोष आपला का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्याने तुम्हाला जास्त त्रास दिलेला दिसतो : तुमचं काही चुकत नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी आपल्या कामाचं वेड लागलेली माणसं थोडीच असतात. ज्यांना लागलेलं असतं त्यांचा गवगवा होतो, म्हणून ती जास्त वाटतात.

आता पहिला प्रश्न. आपण बोलतो कसं ते जरा ऐका. गोडी लागते, नाद लागतो, वेड लागतं, लळा लागतो. ‘मला भजनाची गोडी सापडली’ असं तुमच्या-माझ्या तालुक्यात कोणी म्हणणार नाही. सापडते ती हरवलेली किल्ली. ती आधीपासून कुठेतरी पडलेली असते. लळा मात्र वासराला रोज वैरण टाकता टाकता लागतो. ‘पॅशन शोधा’ म्हणणारे लोक गोडीला किल्ली समजतात. पलंगाखाली, कपाटामागे, या कोर्समध्ये, त्या शहरात ती कुठेतरी तयार पडलेली आहे असं धरून चालतात आणि सापडली नाही की माणूस स्वतःला दोष देतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या घरामागेच उभं आहे. द्राक्षाच्या वेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. गेल्या हंगामाच्या काड्या एक-दोन डोळे राखून कापून टाकतात. मांडव उघडा पडतो, बाग बोडकी दिसते आणि विकायला एक मणी येत नाही. उलट पाणी, खतं, औषधं, मजुरी यांचा खर्च चालू राहतो. पण नव्या फुटीच्या डोळ्यांत त्याच काही आठवड्यांत घड धरायला सुरुवात होते. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीआधी पुष्कळ बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात : कितव्या डोळ्यात घड आहे, कुठे कापायचं. मग होते ती गोडी छाटणी. तिच्यानंतर फूट येते, घड बाहेर पडतो आणि चारेक महिन्यांनी माल निघतो. तुमचे वडील ‘आवड कसली, बाग होती’ म्हणाले, ते मला टाळाटाळीचं उत्तर वाटत नाही. आधी बाग होती, मग काम होतं, बाकीचं त्या कामाच्या डोळ्यांत धरत गेलं. एप्रिलच्या बागेत उभं राहून घड कुठे आहेत असं कोणी विचारलं, तर त्याला काय सांगाल?

तुम्ही म्हणाल, शेतीचं ठीक, पण मोठी माणसं तर लहानपणापासूनच आपलं ध्येय घेऊन येतात. हा समज फार पसरलेला आहे, आणि तो पुसायला आपल्याला नारायणगावच्या पुढे जायची गरज नाही. खोडदची दुर्बीण तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेल. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ खोडदजवळ एकवटलेल्या आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. ती उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप रेडिओ खगोलशास्त्राचा ध्यास घेऊन जन्मले नव्हते. अलाहाबादला भौतिकशास्त्र शिकून १९५० मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लागले, तेव्हा त्यांच्याकडे दिलेलं काम चुंबकत्वाशी संबंधित होतं. आकाशाशी त्याचा काही संबंध नव्हता. १९५२ मध्ये प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन सिडनीच्या एका परिषदेहून परतले आणि तिथे पाहिलेल्या या नव्या शास्त्राबद्दल बोलले. स्वरूपांनी त्यावरचे निबंध वाचले, आणि १९५३ मध्ये ते ऑस्ट्रेलियाला गेले.

पुढची गोष्ट तुमच्यासाठी खास आहे. तिथे पोचल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी एकच विषय धरला नाही. चार निरनिराळ्या गटांत तीन-तीन महिने काम केलं. चारही गटांची यंत्रं वेगळी, प्रश्न वेगळे, प्रमुख वेगळे. हात घालून पाहिल्यावर मग त्यांची वाट ठरत गेली. तीही सरळ नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या दुर्बिणीच्या ३२ छोट्या तबकड्या भारतात आणायचं त्यांनी मनात घेतलं होतं. त्या कल्याणला उभ्या राहायला १९६५ साल उजाडलं. १९७० मध्ये उटीची दुर्बीण. खोडदची कल्पना १९८४ च्या आसपासची, आणि ती दुर्बीण प्रत्यक्षात आली नव्वदच्या दशकात. पहिल्या चवीपासून चाळीस वर्षं.

खोडदच्या तबकड्या जवळून पाहा. पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. मधल्या भागात जाळीचं छिद्र १० मिलिमीटरचं, कडेला २० चं. जाळी ताणलेल्या दोरांवर पेललेली आहे. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी छिद्रांच्या मानाने खूप मोठी, म्हणून भोकांनी बिघडत नाही. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. ही युक्ती नुसत्या आवडीतून सुचत नाही. यंत्रं जोडण्यात वर्षानुवर्षं हात काळे केलेल्या माणसालाच ती सुचते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला सगळ्यांना प्रवेश असतो. जमलं तर जरूर जा.

आवड सापडते की लागते, या मुद्द्याची तपासणी २०१८ मध्ये तीन मानसशास्त्रज्ञांनी केली : ओ’कीफ, ड्वेक आणि वॉल्टन. योगायोगाने त्यांचाही विषय आकाशच होता. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची एक सोपी, रंजक चित्रफीत दाखवली. सगळे भारावले. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड ही उपजत असते, ती फक्त शोधायची, असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त झपाट्याने ओसरला. आवड जोपासावी लागते असं मानणारे त्या मानाने टिकून राहिले. कारण उघड आहे. ‘ही माझी खरी आवड असती तर अवघड गेलं नसतं’ असं पहिल्या गटाला वाटतं. म्हणजे ‘पॅशन शोधा’ हा सल्ला नुसता अपुरा आहे असं नाही. तो माणसाला पहिल्याच चढावर परत फिरवतो.

आता ‘काम हे काम वाटणारच नाही’ या आश्वासनाकडे वळू. ते खोटं आहे, असं मी ठामपणे म्हणतो. बागेत विरळणी करणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. मान वर, हात वर, बोटांत छोटी कात्री, आणि घडातले नको ते मणी एकेक करून काढायचे. पहिल्या दिवशी मान धरते आणि प्रत्येक मणी सारखाच दिसतो. दोन-तीन आठवड्यांनी त्याच बाईचा हात घडाला लागतो न लागतो तोच कात्री योग्य देठावर गेलेली असते. घड फिरवून ती एकदा बघते आणि पुढच्याकडे वळते. ते एकदा बघणं म्हणजे गोडी. मान तेव्हाही दुखतच असते.

आणि गोडी लागली म्हणजे पोटापाण्याची सोय झाली, हाही समज सोडायला हवा. यासाठी मला विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जन्म १९३५ चा. वडील आणि चुलते, भाऊ-बापू, यांचा तमाशाचा फड घरचाच, त्यामुळे लहानपणीच पायांत चाळ आले. निवडीचा प्रश्नच नव्हता. जातीने आणि घराने दिलेलं काम होतं. त्या कामात त्यांनी जे कसब कमावलं त्याला तोड नाही. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मधेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. बहुतेक जण ती कलेवरच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. निष्ठा होतीच. पण दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री विश्रांती घेता आली नाही, हेही त्याच हकिकतीत आहे, आणि ते ऐकताना मला टाळी वाजवता येत नाही. त्यांचे अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी ठरवायला येतात, टेबलावर तारखांची वही उघडी असते. त्या वहीतल्या आकड्यावर फडातल्या कितीतरी माणसांचं वर्ष अवलंबून असतं. म्हणून कोणी तुम्हाला ‘आवडीचं काम आहे ना, मग पगाराचं काय बोलता’ असं म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. आवड आणि मोबदला ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकाची शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही.

राहिला कामाच्या अर्थाचा प्रश्न. तुमच्या पत्रात तो शब्द नाही, पण ‘जीव रमत नाही’ या शब्दांमागे मला तोच दिसतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर भाताची खाचरं करायची जुनी रीत आहे : पडकई. उतार फोडून, दगडाचा ताल रचून सपाट तुकडा करायचा. एका घराच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून घरं एकत्र येतात. आज तुझ्या उतारावर, उद्या माझ्या. दगड उचलणं कोणाला आवडतं? पण इथे ‘मी हे कशासाठी करतोय’ असा प्रश्न पडत नाही, कारण ज्याचं खाचर होणार आहे तो शेजारीच पहार घेऊन उभा असतो.

पतसंस्थेत हेच तुटलेलं असतं. तुमच्यासमोर खातं क्रमांक असतो; माणूस काउंटरच्या पलीकडे येतो, सही करतो, जातो. अमेरिकेत ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या काही जणांची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घालून दिली. बस, एवढंच. महिन्याभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम दोन्ही दुपटीच्या पुढे गेली होती. काम तेच, पगार तोच. त्यांना पलीकडचा माणूस दिसला होता.

तुम्हाला हे करायला कोणाची परवानगी लागणार नाही. कर्जाची एक फाईल निवडा. तो खातेदार पुढचा हप्ता भरायला येईल तेव्हा सहज विचारा, त्या पैशाचं काय केलंत? ठिबक असेल, गाय असेल, मुलीची फी असेल. कधी उत्तर दुःखाचंही असेल : बाजार पडला, टोमॅटो शेतातच सोडला आणि हप्ते अंगावर राहिले. तेही ऐका. भरलेला हप्ता चुकून नोंदवायचा राहिला, तर त्या घराला विनाकारण दंडव्याज बसतं, आणि ते होऊ न देणं तुमच्या हातात आहे.

नोकरी सोडू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तो प्रश्न घुटमळत असणार. पगार वेळेवर मिळत नसेल, अपमान होत असेल किंवा वर्षभरात एकही नवी गोष्ट शिकायला मिळाली नसेल, तर जरूर दुसरीकडे बघा. तसं नसेल तर स्वरूपांची रीत चालवून पाहा. तीन महिने कर्ज विभाग, तीन महिने वसुली, मग लेखापरीक्षणाच्या तयारीला बसा. वरिष्ठांना विचारलं तर बहुधा नाही म्हणणार नाहीत. सुटीच्या दिवशी बागेचा हिशोब मांडून बघा. कोणत्या कामात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, ते वहीत टिपून ठेवा.

आणि वडिलांना तो प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने पुन्हा विचारा. आवड होती का, असं नको. काहीही काम नसताना, पहाटे उठून नुसती बाग बघायला तुम्ही पहिल्यांदा कधी गेलात, असं विचारा. साल त्यांच्या लक्षात असेल. बाग लावल्यापासून तोवर किती खरड छाटण्या झाल्या होत्या, तेही सांगतील.