जखमीस न्यावें कोठें?

अपघात झाला कीं जखमीस सर्वांत जवळच्या रुग्णालयांत न्यावें, असेंच आम्हांस वाटत असे. परंतु तेथें शस्त्रवैद्यच नसला तर? अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत हा विचार अपघातापूर्वींच करून ठेवितात. राज्याचे २२ विभाग पाडले असून प्रत्येकांत रुग्णालयें व रुग्णवाहिका चालविणारे यांचें सल्लागार मंडळ आहे. रुग्णालयांच्या ४ श्रेणी आहेत. पहिली सर्वांत वरची. चौथ्या श्रेणीच्या लहान रुग्णालयानें रक्तस्राव थांबवावा, श्वास सांभाळावा आणि गंभीर जखमीस विनाविलंब वर पाठवावें. यांत त्यास कमीपणा मुळींच नाहीं. सॅन अँटोनियोकडील मंडळाच्या योजनेनें २०१८ सालीं हेलिकॉप्टरांतून संपूर्ण रक्तहि (घटक वेगळे न केलेलें) नेण्यास आरंभ झाला. त्यामुळें दूरच्या खेड्यांतील जखमीस शहर गांठण्यापूर्वीं, वाटेंतच असें रक्त देतां येऊं लागलें.