घाटाची शिकवणी

माझं माहेर चिपळूणचं, राहते पुण्यात. गाडी शहरात रोज चालवते. पण चिपळूणला जायचं म्हटलं की नवऱ्याच्या रजेकडे नाहीतर भावाच्या सवडीकडे डोळे लावून बसायचं, कारण मध्ये खंबाटकी आणि कुंभार्ली हे घाट. आई एकटी राहायला लागल्यावर हे मला पटेना. चौकशी करताना एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर भेटले. कराड-चिपळूण रस्त्यावर त्यांचा जन्म गेलेला. सगळे त्यांना काका म्हणतात. क्लच-गिअर शिकवत नाहीत. ज्याला गाडी येते त्यालाच घेतात. त्यांच्याकडे जे शिकले, ते हे.

१. बसायला शिका.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच केलं नाही. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. पूर्वी दहा-दोन शिकवायचे, पण आता स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. ती फुटली तर हात तोंडावर आपटतात. बाजूचे आरसे इतके बाहेर वळवायचे, की त्यात आपली गाडी जेमतेम दिसेल. मग एक रिक्षा मागून येऊ दिली. आतल्या आरशातून निसटताना ती बाजूच्या आरशात उगवली आणि तिथून निसटताना थेट खिडकीत. ‘मध्ये कुठे गडप झाली का? नाही ना? मग जमलं.’ तरी लेन बदलताना मान वळवून बघायचंच. मोटरसायकलवाल्याला गडप व्हायला फार जागा लागत नाही.

२. दिसतंय ते बोला.

सगळ्या शिकवणीत मला मोलाचा वाटला तो हा धडा, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त लाजही याचीच वाटली. गाडी चालवताना समोर काय दिसतंय आणि त्याचं पुढे काय होईल, ते मोठ्याने बोलत राहायचं. ‘एसटी थांबलीय, माणसं उतरतायत, कुणीतरी बसच्या पुढून रस्ता ओलांडणार. डावीकडे टेम्पो उभा आहे, त्याच्या आरशात डोकं दिसतंय, म्हणजे दार उघडू शकतं. पुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागच्या मोटरसायकलवाल्याला तो ओलांडायचाय.’ मी गप्प झाले की काका लगेच म्हणायचे, ‘ताई, तोंड थांबलं म्हणजे डोळे थांबले.’ आणि खरंच, मी गप्प व्हायची ती नेमकी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे टक लावून बसलेली असायची. ब्रिटिश पोलिसांच्या ड्रायव्हिंग प्रशिक्षणातही ही रीत जुनी आहे, हे मी नंतर वाचलं. काकांनी ती त्यांच्याकडून उचललेली नव्हती. जुन्या काळी शेजारी बसलेल्या कंडक्टरशी बोलताना ती आपोआप लागली, असं त्यांचं म्हणणं.

एकटी असताना मी अजूनही बोलते. सिग्नलला शेजारचे बघतात, त्यांना वाटतं फोनवर आहे.

३. तीन सेकंदांचं अंतर.

पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा मोजायला लागायचं; आपण त्या खांबाशी तीन सेकंदांच्या आत पोचायचं नाही. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद सहज जातो. पावसात हे अंतर दुप्पट. मी प्रत्येक पुणेकराची शंका विचारली, की एवढी जागा सोडली तर कुणीतरी मध्ये घुसणार. ‘घुसू द्या. परत मागे व्हायचं. तो पुढे गेला म्हणून चिपळूण लांब नाही गेलं.’

४. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

कुंभार्ली चिपळूणच्या बाजूला उतरताना दुसरा गिअर, कुठे तिसरा. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी थोडासा लागतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पकड सोडतात. घाटात एखाद्या ट्रकमागे जो जळका वास येतो ना, तो त्याचाच. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे लोक माझ्या घरातच आहेत. त्यांच्यासाठी सांगते: हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

काका ऑटोमॅटिकला ‘अर्धी गाडी’ म्हणतात. इथे आमचं जमत नाही. तिच्यातही खालचा गिअर धरून ठेवायची सोय बहुतेक असते, फक्त ती कुठे आहे हे मालकाने घाटाआधी शोधायला हवं.

५. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

हा नियमच आहे, शिष्टाचार नव्हे. उतरणाऱ्याने थांबायचं.

६. ब्रेक एकदा खरोखर दाबून पाहा.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला एबीएस असतं, पण ते चालू झाल्यावर कसं वाटतं हे कितीजणांना माहीत असतं? एका पावसाळी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, मागे-पुढे चिटपाखरू नाही हे बघून, काकांनी ताशी ४० वर गाडी न्यायला लावली आणि ओरडले, ‘दाबा!’ पायाखाली पेडल थरथरलं, उलट लाथा मारायला लागलं, बॉनेटखालून खर्रर्र आवाज आला. साहजिकच वाटतं की काहीतरी तुटलं, म्हणून लोक पाय उचलतात. तिथेच चुकतं. दाबूनच ठेवायचं, आणि त्याच वेळी स्टिअरिंग फिरवून अडथळ्याला वळसा घालायचा. चाकं लॉक होत नाहीत म्हणून गाडी ऐकते. दुसऱ्यांदा आम्ही रस्त्यावर एक रिकामं खोकं ठेवलं. ते वाचलं.

७. बोगद्याआधीच वेग उतरवा.

पुण्याकडे परतताना खंबाटकी बोगद्यातून यावं लागतं. जुन्या बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि पाठोपाठ इंग्रजी ‘एस’सारखं वळण, जिथे वर्षानुवर्षं अपघात होत आले. आत लाइट लावायचे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायचे नाहीत; मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय काही कळत नाही. पावसाळ्यात घाटात धुकं आलं तरी हेच, आणि लो बीम. हाय बीमचा उजेड धुक्यावरून आपल्याच डोळ्यांत परत येतो.

८. रात्री घाट नको.

‘एसटीवाल्याला ड्युटी लागली की जावं लागतं, ताई. तुम्हाला कोण सांगतं?’ घाटात अंधार, कराडच्या बाजूला तर बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या. म्हणून मी चिपळूणहून सकाळीच निघते. आईला ते मान्य नाही. जेवूनच निघायचं, असा तिचा आग्रह. सध्याची तडजोड अशी, की जेवण डब्यात भरून मिळतं. डब्यात बांगडे असले की पुढचे दोन दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझी गाडी न बघता ओळखू येते.