शिक्षणखर्चाची तुलना : जपान व भारत

निरनिराळ्या देशांच्या शिक्षणखर्चाची टक्केवारी वर्तमानपत्रांत वारंवार येते, आणि तिच्यावरून कोणता देश शिक्षणाविषयी दक्ष व कोणता उदासीन हे ठरविण्याचा मोह होतो. परंतु टक्का कशाचा, तो कोणी भरला आणि किती मुलांवर वाटला गेला, हे पाहिल्यावाचून अशा तुलनेस अर्थ येत नाही. या दृष्टीने जपान व भारत यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

जपानने १८७२ मध्ये शिक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा केला. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने शाळेत जावे असे त्यात होते. पण पैशाचा भार मुख्यतः गावांवर व पालकांच्या फीवर होता. लोकांना हे रुचले नाही. १८७३ मध्ये काही भागांत चिडलेल्या शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. त्या वर्षी शाळेच्या वयाच्या दर १०० मुलांपैकी सुमारे २८ मुलेच पटावर होती. (जपानी लोक जात्याच विद्याप्रेमी, म्हणून त्यांस हे साधले, असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये.) पुढे पैशाची व्यवस्था हळूहळू बदलली. चीनकडून मिळालेल्या युद्धदंडातून १ कोटी येन शिक्षणनिधी म्हणून राखून ठेवण्यात आले. १९०० मध्ये प्राथमिक शाळांची फी बहुतांशी रद्द झाली. १९०६ ते १९११ या काळात तर तेथील गावे व नगरे यांच्या अंदाजपत्रकांतील ४३ टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षणाकडे जात होती. १९१० च्या सुमारास १०० पैकी ९८ मुले पटावर आली. मध्यवर्ती सरकारने मात्र या खर्चातील नियमित वाटा कायद्याने उचलला तो १९१८ मध्ये. शिक्षकांच्या पगाराचा निम्मा भार त्याने १९४० मध्ये पत्करला.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे मूळचे शिक्षक. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक पिढ्यांनी सोडविले. त्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्ती लागू करावी की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवावे, आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने व एक-तृतीयांश त्या संस्थेने सोसावा, अशी त्यांची माफक योजना होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केलेलेच होते. तरीही मार्च १९१२ मध्ये हे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९११ च्या खानेसुमारीत शंभरांत जेमतेम ६ माणसे साक्षर होती.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये शिक्षणावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये ६ टक्क्यांचे लक्ष्य सुचविले. २०२० च्या धोरणानेही तेच पुन्हा सांगितले. आज हा खर्च सुमारे ४ टक्के आहे. जपानचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. मग आपण पुढे गेलो काय?

येथे पाटीवर हिशेब करून पाहावा. दोन्ही देशांतून १०० माणसे घ्यावी. आपल्या माणसाचे सरासरी उत्पन्न १०० रुपये मानले, तर जपानी माणसाचे साधारण १,२०० धरावे लागेल. आपले एकूण उत्पन्न १०,००० व त्याचे ४ टक्के म्हणजे ४०० रुपये. आपल्या शंभरांत पंधरा वर्षांखालील मुले सुमारे २५. प्रत्येकाच्या वाट्यास १६ रुपये. जपानचे उत्पन्न १,२०,००० व त्याचे साडेतीन टक्के ४,२००. तेथे मुले सुमारे १२ च. प्रत्येकास ३५० रुपये. जपानात महागाई अधिक असल्याने प्रत्यक्ष अंतर एवढे राहत नाही, तरी ते मोठेच आहे. टक्का त्यांचा लहान, वाटा मात्र कितीतरी मोठा!

शिवाय मुले पुष्कळ व उत्पन्न तुटपुंजे असतानाच जपानी गावांनी आपला मोठा हिस्सा शाळेस दिला, ही गोष्ट आजच्या आकड्यांत मुळीच दिसत नाही. तिच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचे रकाने उघडावे लागतात.

वरच्या वर्गास टक्केवारी शिकविताना हेच उदाहरण फळ्यावर मांडता येईल. त्यानंतर ग्रामपंचायतीचे गेल्या पाच वर्षांचे अंदाजपत्रक मागवून शाळेकडे आलेली रक्कम, तिचा एकूण खर्चाशी टक्का आणि पटावरील दर मुलामागे पडलेले रुपये, असे तीन रकाने मुलांकडून भरून घ्यावेत.