गेममधले मित्र आणि बाबांचं डायलिसिस

प्रश्न : यजमानांचं डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीन वेळा. एकवीस वर्षांचा मुलगा दवाखान्याची सगळी धावपळ करतो, पण घरात दोन शब्द बोलत नाही. रात्री मात्र हेडफोन लावून गेममधल्या पोरांना बाबांची तब्येत सांगत असतो. ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत, त्यांचा कसला आधार? आणि या खेळांवर तर सरकारनं बंदी घातली ना? — एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : बंदीचं आधी सांगतो, कारण हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे. ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. मित्रांबरोबर नुसतं खेळायला ती लागू नाही. पब्जीवर २०२०मध्ये बंदी आली होती, ती वेगळ्या कारणानं. त्याचाच भारतीय अवतार असलेला बीजीएमआय आज उघडपणे खेळला जातो.

आता मुलाचं गप्प राहणं. घरात आजारपण आलं की प्रत्येक जण दुसऱ्याला जपतो. ‘मला भीती वाटते’ असं तो तुम्हाला म्हणाला, तर तुमची झोप उडेल, हे त्याला कळतं. म्हणून तो बोलत नाही आणि त्याचा चेहरा पाहून तुम्हीही विषय काढत नाही. गेममधल्या मित्रापुढे ही अडचण नसते. तो मनापासून ऐकतो, पण बाबांच्या क्रिॲटिनिनच्या रिपोर्टनं त्याच्या घरचं काही हलत नाही. तेव्हा मुलाचा घरच्यांवर विश्वास नाही, असं मनात आणू नका. तो तुम्हाला सांभाळतोय.

हे बोलणं होतं तरी कधी? अशा खेळात बहुधा चौघांचा स्क्वाड असतो आणि माइक चालू असतो. एक मॅच संपली की दुसरी सुरू होईपर्यंत सगळे लॉबीत थांबतात. कुणी खेळातल्या बंदुकीची स्किन, म्हणजे तिचं रंगरूप, बदलतो, कुणी पाणी प्यायला उठतो. तेवढ्यात एखादा विचारतो, ‘काल आला नाहीस?’ ‘बाबांचं डायलिसिस होतं.’ ‘मग आता कसे आहेत?’ एवढंच, आणि पुढची मॅच सुरू. समोर बसून, डोळ्याला डोळा देऊन हेच बोलायचं तर त्या वयात जड जातं. मेथी निवडता निवडता बायका जावेला मनातलं सांगून टाकतात, तसंच हे. हात गुंतलेले असले की बोलणं सोपं होतं.

कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स या अभ्यासकांनी २००६मध्ये मांडलं होतं की असे खेळ म्हणजे घर आणि कामापलीकडची जमायची जागा असते. तिथली नाती बहुधा फार खोल नसतात, पण आपल्या वर्तुळाबाहेरची माणसं तिथं भेटतात. आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन बुद्धिबळ खेळायचा, तेव्हाही हजारो अनोळखी लोक ते बघायला आणि आपसांत बोलायला जमत.

काही नाती मात्र खोलही जातात. नॉर्वेच्या मॅट्स स्टेनला स्नायू झिजवणारा ड्युशेन हा आजार होता. २०१४मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलाला मित्रच नव्हते, असं आईवडील धरून चालले होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात त्याच्यासोबत असणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. त्यानं कुणाला कशी साथ दिली, कुणाच्या घरचं भांडण कसं मिटवलं, हे वडिलांना तेव्हा कळलं. त्यातले काही जण परदेशांतून अंत्यविधीला आले होते.

तरी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली, पैसा. दवाखान्याची बिलं, बँकेचे तपशील, ओटीपी गेममध्ये कुणालाच द्यायचे नाहीत. ‘मदत गोळा करून देतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. दुसरी, त्याचं मन आणि झोप. जागरणं वाढली, जेवण सुटलं, कॉलेज बुडू लागलं, चिडचिड किंवा रडू आवरेना, तर स्क्वाड पुरणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं. त्याच्यासाठी सांगतोय खरा, पण तुम्हीही तिथं फोन करा. आजाऱ्याचं करणारं माणूसही थकतं.

आणि ‘किती खेळतोस’ हे काही दिवस बाजूला ठेवा. डायलिसिसचे चार-एक तास तुम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलेले असाल, तेव्हा विचारा, ‘तुझ्या स्क्वाडमध्ये कोण कोण आहे? कुठली आहेत पोरं?’ नावं, गावं, कोण नेहमी उशिरा येतो, हे तो सांगेल. मग पुढच्या खेपेला ‘बाबांबद्दल काय म्हणतात ती?’ हेही विचारता येईल.