धर्म मिळाला, पण ख्रिस्त?

आजचं वाचन: फिलिप्पैकरांस 3:7-11



ॲपवर माझं बायबल वाचन सलग 200 दिवस झालं होतं. रोज नेरुळ ते ऐरोली, लोकलमध्ये एक अध्याय. पण बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री प्रार्थनेला बसलो आणि शब्दच फुटेना. ज्याच्याविषयी रोज वाचत होतो, त्याच्याशी मी कित्येक महिन्यांत मनापासून बोललोच नव्हतो.

तेव्हा पंडिता रमाबाईंची साक्ष आठवली. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. ज्ञान होतं, सेवा होती. तरी बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, खुद्द ख्रिस्त नाही. एवढ्या विदुषीने हे कबूल केलं आणि त्या जशा होत्या तशा प्रभूच्या चरणी आल्या. केडगावचं मुक्ति मिशन त्यानंतरचं.

पौलही हे पत्र बंदिवासातून लिहितो. इतकी वर्षं सेवा करूनही त्याची ओढ एकच: ख्रिस्ताला ओळखावं. माहिती ॲपमध्ये मिळते; ओळख सहवासातूनच होते.

त्या रात्री मी एवढंच म्हणालो, "प्रभू, मला भीती वाटतेय." बऱ्याच दिवसांनी ती माझी पहिली खरी प्रार्थना होती.

आज करून पाहा: वाचन थोडं कमी करा, पण एका वचनावर प्रभूशी पाच मिनिटं मनातलं बोला.

प्रार्थना: प्रभू येशू, तुझ्याविषयीच्या माहितीवर मी समाधान मानू नये. मला तूच हवास. आमेन.