म्यानातली सुरी का गंजते?



आपल्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो. आपल्या वर्गातल्या एका मुलाच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांची शिकारीची सुरी आहे. हंगाम संपल्यावर त्यांनी ती धुतली, पुसली, कातड्याच्या म्यानात घातली आणि तळघरात ठेवली. वर्षाने काढून पाहतात, तर पात्यावर तांबूस ठिपके! म्यान तर सुरी जपण्यासाठी असते. मग असे का झाले? हा प्रश्न त्या मुलाने वर्गात विचारला. आज आपण त्याचे उत्तर पाहू.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. पोलाद म्हणजे बहुतांशी लोखंडच. गंज भुसभुशीत असतो. तो सुटून पडतो, खालचे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजते. असा ठिपक्याचा खड्डा होतो. रक्तात मीठ असते, आणि खारट ओलीत गंज लवकर चढतो. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. पण ओल आणि मीठ फार वेळ राहिले तर त्यालाही डाग पडतात.

आता म्यानाकडे वळू. कातडे हवेतली ओल शोषते आणि धरून ठेवते. दमट तळघरात ती ओल वर्षभर पात्याला लागून राहिली.

मग काय करावे?
१. काम होताच सुरी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. मुठीजवळच्या फटीत रक्त राहू देऊ नये.
२. कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ उघडी ठेवावी.
३. पात्याला तेलाचा पातळ हात द्यावा.
४. म्यान प्रवासापुरते वापरावे. घरी सुरी म्यानाबाहेर, कोरड्या आणि कुलूपबंद जागी ठेवावी.

धारेचे काम मोठ्यांनीच करायचे, हे विसरू नका!

लोखंडी विळी वापरणाऱ्या आपल्या आज्याही हेच करतात: विळी धुवायची, पुसायची, पात्याला तेलाचे बोट लावायचे.

आजोबांनी तेल आणि बारीक स्टील वूलने ठिपके घासून काढले. मुठीजवळचा एक खड्डा मात्र राहिला. तो आता भरून येणार नाही.

शब्दार्थ: म्यान – सुरी किंवा तलवार ठेवण्याचे आवरण; पाते – सुरीचा धारेचा भाग; दमट – ओलसर.

स्वाध्याय: घरात गंजलेली एक वस्तू शोधा. तिला ओल कुठून लागली, ते पाच वाक्यांत लिहा.